वाचकांचे प्रश्न : होलोकॉस्ट रंगमंचावर आणताना

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते आणि मुलांची नाटकेही बसवते. नववीच्या विद्यार्थ्यांना घेऊन होलोकॉस्टवर, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावर, एक तासाचे नाटक करण्याचा विचार आहे. छळछावणी हुबेहूब उभी केली, तर ती मुलांच्या मनावर कायमची ठसेल असे वाटते. तालमी सुरू होण्याआधी निम्म्या वर्गाला दिवसभर पिवळा तारा लावून वेगळे बसवावे, म्हणजे त्यांना तो अनुभव येईल, अशीही एक कल्पना आहे. आपले मत कळवावे.

उत्तर : आपली तळमळ पत्रातून पोचली, म्हणूनच स्पष्टपणे लिहीत आहे. पिवळ्या ताऱ्याचा प्रयोग कृपया करू नका. वॉशिंग्टनचे होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयही शिक्षकांना अशा अनुकरणात्मक प्रयोगांपासून दूर राहण्याचा सल्ला देते. शाळा सुटली की आपण घरी जाणार, हे तारा लावलेल्या मुलाला पक्के ठाऊक असते. त्यामुळे त्याच्या वाट्याला एक तर खेळाची गंमत येते किंवा विनाकारण झालेला अपमान, आणि दोन्ही वेळा ‘आता मला ते कळले’ हा खोटा विश्वास मात्र मनात राहून जातो. ज्याने खरोखरच कुठे तरी हेटाळणी सोसली आहे असे एखादे मूल वर्गात असेल, तर त्याची जखम आपण विनाकारण उघडी करतो.

त्यात इतिहासाचीही चूक आहे. नाझी पक्ष जानेवारी १९३३ मध्ये सत्तेवर आला आणि जर्मनीतल्या ज्यूंना पिवळा तारा लावणे सप्टेंबर १९४१ मध्ये सक्तीचे झाले. मधली आठ वर्षे वर्गातल्या या प्रयोगात कुठेच येत नाहीत. एप्रिल १९३३ मध्ये ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढण्याचा कायदा झाला, १९३५ मध्ये न्यूरेम्बर्गच्या कायद्यांनी त्यांचे नागरिकत्व काढून घेतले आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये प्रार्थनामंदिरे जाळली गेली. या प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी कागदावर सही केली, कोणी शेजाऱ्याचे दुकान स्वस्तात विकत घेतले, कोणी वर्गातल्या मुलाला मागच्या बाकावर पाठवले, आणि थोड्यांनी नकारही दिला. नाटक उभे राहते ते माणसाने घेतलेल्या निर्णयांवर. छावणीच्या फाटकाशी पोचलेल्या माणसाजवळ निर्णय जवळजवळ उरलेलाच नव्हता. त्याआधीच्या वर्षांत भोवतालच्या हजारो माणसांजवळ तो होता, आणि विद्यार्थ्यांनी तपासायला हवी ती जागा तीच आहे, असे मला वाटते. एक मेज, एक कारकून आणि समोर उभा असलेला अर्जदार एवढ्यावर आपला एक प्रवेश पूर्ण उभा राहू शकेल.

छावणी हुबेहूब उभारण्याचा मोह थोर नाटककारांनीही टाळला आहे. पेटर वाइस यांनी फ्रँकफर्ट येथे १९६३ ते १९६५ या काळात आउश्वित्झ या नाझी छावणीतल्या कर्मचाऱ्यांवर चाललेल्या खटल्याच्या आधारे ‘तपास’ हे नाटक लिहिले आणि १९ ऑक्टोबर १९६५ रोजी पूर्व व पश्चिम जर्मनीतील अनेक रंगमंचांवर ते एकाच दिवशी सादर झाले. त्यात ना तारेचे कुंपण आहे, ना धुराडे. आहेत ती फक्त खटल्यातली वाक्ये, अकरा सर्गांत रचलेली. प्रत्यक्ष खटल्यात साडेतीनशेहून अधिक साक्षीदार बोलले होते. नाटकात ते नऊ बिननावाच्या साक्षीदारांत सामावले आहेत, आरोपींना मात्र त्यांची खरी नावे आहेत. छावणीत माणसांची नावे हिरावली गेली आणि ज्यांनी ती हिरावली त्यांची नावे सरकारी कागदांवर राहिली, हे प्रेक्षकाला कोणीही न सांगता समजते. या नाटकात ‘ज्यू’ हा शब्द एकदाही येत नाही आणि त्याबद्दल वाइस यांच्यावर टीका झाली. ती टीका मला रास्त वाटते. ठार झालेल्या ६० लाख माणसांना कशासाठी मारले, हे वर्गात तरी शब्दांत सांगितलेच पाहिजे.

फ्रेंच लेखिका शार्लोत देल्बो यांचा मार्ग याहून वेगळा होता. त्या स्वतः ज्यू नव्हत्या. फ्रेंच प्रतिकार चळवळीत असल्यामुळे जानेवारी १९४३ मध्ये २३० स्त्रियांच्या जथ्यात त्यांना आउश्वित्झला नेण्यात आले. त्यांपैकी ४९ परतल्या. युद्धापूर्वी त्या पॅरिसमध्ये नट-दिग्दर्शक लुई जुवे यांच्या साहाय्यक होत्या, म्हणजे रंगमंच काय पेलू शकतो हे त्यांना आतून माहीत होते. तरीही त्यांच्या नाटकात कैदी स्त्रिया एकमेकींशी बोलतात, एवढेच घडते. आपल्यातली कोण परत जाईल आणि हे बाहेरच्यांना सांगेल, हा त्यांच्यापुढचा प्रश्न असतो.

तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांना कैदी ‘व्हायला’ सांगू नका, एका माणसाचे शब्द प्रेक्षकांपर्यंत नेण्याची जबाबदारी द्या. प्रत्येकाने एक प्रकाशित साक्ष निवडावी, तो माणूस छावणीपूर्वी कुठे राहत होता, काय करत होता, हे शोधावे आणि साध्या कपड्यांत, ‘आता मी अमुक यांचे शब्द वाचतो’ असे सांगून ते म्हणावेत. हुंदके, किंकाळ्या, पार्श्वसंगीत काही नको. नाझी अधिकाऱ्याच्या वाक्यांसाठी गणवेश तर अजिबात नको; तो अंगावर चढला की मुलांना त्याचा रुबाब भावतो, हे कोणत्याही तालमीत दिसते. तालमीनंतर रोज थोडा वेळ गोलात बसून मुलांना बोलू द्या आणि ज्याला थांबायचे असेल त्याला कारण न विचारता थांबू द्या.

प्रश्न : अ‍ॅन फ्रँकच्या रोजनिशीवरचे नाटक केले तर पुरेसे होईल का? शेवट आशादायक असल्याने पालकांचीही हरकत नसेल.

उत्तर : नाटक चांगले आहे. अडचण त्या शेवटातच आहे. फ्रान्सिस गुडरिच आणि अल्बर्ट हॅकेट यांचे हे नाटक १९५५ मध्ये न्यूयॉर्कला आले आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. माणसे मुळात चांगली असतात, या अर्थाचे अ‍ॅनचे वाक्य त्यात अखेरीस ऐकू येते. रोजनिशीत ते १५ जुलै १९४४ च्या नोंदीत आहे, आणि त्याच नोंदीत जवळ येणाऱ्या गडगडाटाची चाहूल आणि लाखोंच्या यातनांची जाणीवही आहे. ४ ऑगस्टला ती पकडली गेली आणि १९४५ च्या आरंभी बेर्गेन-बेल्झेनच्या छावणीत वारली; तिच्यासह नाझींपासून लपून राहिलेल्या आठांपैकी एकटे तिचे वडील वाचले. ते वाक्य पकडले जाण्याआधीचे आहे. त्यानंतर तिने काय मानले असते, हे तिच्या तोंडी घालण्याचा हक्क आपल्याला नाही. नाटक जरूर करा, परंतु पडदा पडण्यापूर्वी एका विद्यार्थ्याने पुढे येऊन आठही जणांची नावे आणि त्यांचे पुढे काय झाले ते सांगावे. पालक हरकत घेतील असे मला वाटत नाही, आणि घेतलीच तर त्यांच्याशी बोलावे.

प्रश्न : एवढ्या दुःखाचे नाटक करणे हाच त्या मृतांचा अपमान नाही का?

उत्तर : हा प्रश्न खुद्द घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतच, विचारला गेला होता. विल्ना (आजचे लिथुआनियातील विल्नियस) येथील घेट्टोत जानेवारी १९४२ मध्ये पहिला कार्यक्रम ठरला, तेव्हा शहरातले हजारो ज्यू पोनारीच्या जंगलात नुकतेच मारले गेले होते, आणि ‘स्मशानात नाटक करत नाहीत’ अशी पत्रके वाटली गेली. घेट्टोतील ग्रंथपाल हेर्मान क्रुक यांनी हा संताप आपल्या रोजनिशीत नोंदवला. पुढे लोक नाटकाला गर्दी करू लागले, तेही त्यांनी नोंदवले. दोन्ही बाजू खऱ्या होत्या.

नाटकाचा गैरवापरही झाला. तेरेझीन येथील नाझी घेट्टोत कैदी मुलांनी सादर केलेली हान्स क्रासा यांची ‘ब्रुंडिबार’ ही संगीतिका जून १९४४ मध्ये रेडक्रॉसच्या पाहुण्यांना दाखवण्यात आली, येथे सारे सुखात आहेत असे भासवण्यासाठी. मुले एकामागून एक मृत्युछावण्यांकडे रवाना होत राहिल्याने भूमिका पुनःपुन्हा दुसऱ्यांना द्याव्या लागत. क्रासा त्याच वर्षी आउश्वित्झमध्ये मारले गेले.

याउलट वॉर्सा घेट्टोतील अनाथालयात त्याचे चालक यानुश कोर्चाक यांनी सांभाळलेल्या मुलांनी १८ जुलै १९४२ रोजी रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ केले. खिडकीपाशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणारा आजारी अमल त्या मुलांनी साकारला, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला जवळपास २०० मुले कोर्चाकांसह त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेली गेली. नाटक करणे हा अपमान असेल, असे त्या मुलांना वाटले नव्हते. आपल्याला ‘डाकघर’ करावेसे वाटले, तर ते मूळ संहितेप्रमाणेच करा, त्यात घेट्टो घुसवू नका. १८ जुलैच्या त्या प्रयोगाची हकीकत आरंभी निवेदनात सांगा, आणि प्रयोगानंतर प्रश्न विचारायला प्रेक्षकांना किमान अर्धा तास ठेवा.