व्हेरिकोसीलवर चिरफाड न करता, शिरेतून कॉइल टाकून उपचार होतो का?

तुम्ही लिहिलंय की डाव्या बाजूला ग्रेड ३ व्हेरिकोसील (वृषणाभोवतीच्या शिरा फुगणं, ग्रेड ३ म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतकं) निघालंय, दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी अंडकोषात ओढ लागल्यासारखं दुखतं, लग्न नुकतंच झालंय आणि युरोलॉजिस्टनी ऑपरेशन सांगितलंय. टाके न घालता, मांडीच्या शिरेतून कॉइल (बारीक तारेचं वेटोळं) टाकून हे बरं होतं असं कानावर आलंय, ते खरं का?

खरं आहे. त्याला एम्बोलायझेशन म्हणतात, म्हणजे बिघडलेली शीर आतून बंद करणं. मी डॉक्टर नाही, कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेच्या स्क्रीनवर बघत नळीने उपचार करतात त्या खोलीत, टेक्निशियन आहे. ही प्रोसीजर टेबलाशेजारी उभं राहून बऱ्याच वेळा पाहिली आहे, म्हणून आत काय चालतं ते सांगतो.

हे बहुतेक वेळा डावीकडेच का होतं, तर डाव्या वृषणाची शीर लांब असते आणि वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला जवळपास काटकोनात मिळते. उजवीकडची पोटातल्या मोठ्या शिरेत तिरकी शिरते. वर चढणारं रक्त परत खाली येऊ नये म्हणून शिरेत झडपा असतात. त्या नीट मिटत नसल्या, की रक्त उलटं उतरून वृषणाभोवतीच्या शिरांमध्ये साठतं. हाताला गांडुळांचा गुंता लागल्यासारखं वाटतं ते यामुळे, आणि आडवं झाल्यावर आराम पडतो तोही यामुळेच. शुक्राणू नीट तयार व्हायला वृषणांचं तापमान शरीरापेक्षा थोडं कमी असावं लागतं. साठलेलं रक्त ते वाढवतं.

आता प्रत्यक्ष प्रोसीजर. ही इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्क्रीनवर बघत नळीने उपचार करणारे डॉक्टर, करतात. जांघेत किंवा मानेत तेवढ्याच जागेपुरती भूल देऊन सुई टाकतात आणि साधारण दोन मिलिमीटर जाडीची नळी शिरेत सरकवतात. सुईची टोचणी जाणवते, पण नळी आत कुठवर गेली ते सहसा कळत नाही. नळी मूत्रपिंडाच्या शिरेत पोचली की डॉक्टर सांगतात, ‘श्वास रोखा आणि कुंथा.’ त्याच क्षणी डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडतात. स्क्रीनवर काळी रेघ वर हृदयाकडे जायच्या ऐवजी सरळ खाली, जांघेच्या दिशेने पळताना दिसते. पेशंट जागाच असतो, मान वळवून बघतो, आणि इतके महिने जे दुखत होतं ते पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांसमोर येतं. ‘हेच का ते?’ असं बरेच जण विचारतात. मला दर वेळी बरं वाटतं, कारण या दुखण्याबद्दल पुरुष घरीसुद्धा बोलत नाहीत.

मग त्या शिरेत प्लॅटिनमसारख्या धातूच्या कॉइल सोडतात. नळीत त्या तारेसारख्या सरळ असतात, बाहेर पडल्या की वेटोळं घालून बसतात. पुष्कळदा जोडीला शीर आतून बंद करणारं औषध फेस करून देतात. ते देताना जांघेत घट्ट दाबून धरतात, म्हणजे औषध खाली अंडकोषात उतरत नाही. मुख्य शिरेला समांतर बारीक फाटे असतात, तेही बंद व्हावे लागतात. एखादा राहिला तर तिथूनच त्रास परतू शकतो.

शीर बंद केल्यावर वृषण निकामी होईल ही भीती बहुतेकांना असते. तसं होत नाही. रक्त आणणारी धमनी वेगळी असते, तिला कोणी हात लावत नाही, आणि परत जायला रक्ताला इतर शिरा असतात. लसीकावाहिन्यांनाही (ऊतींमधलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) धक्का लागत नसल्याने ऑपरेशननंतर कधी कधी होणारं हायड्रोसील (वृषणाभोवती पाणी साठणं) इथे सहसा होत नाही.

तरीही युरोलॉजिस्टनी ऑपरेशन सांगितलं म्हणजे जुनाट सल्ला दिला असं समजू नका. मायक्रोस्कोपखाली केलेल्या ऑपरेशननंतर व्हेरिकोसील परत येण्याचं प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतं. एम्बोलायझेशनमध्ये ते जास्त, दहा टक्क्यांपर्यंत धरतात. काही जणांत नळी त्या शिरेत शिरतच नाही, विशेषतः उजवीकडे. एक्स-रे लागतो, डायची ॲलर्जी असू शकते, आणि क्वचित कॉइल जागची सरकते. उलट ऑपरेशन होऊनही त्रास परत आला असेल, तर शिरेतून जाणं जास्त सोयीचं, कारण उरलेला फाटा कुठे आहे ते स्क्रीनवर दिसतं. माझं मत विचाराल तर दोन्ही प्रकारच्या डॉक्टरांना भेटा आणि दोघांनाही विचारा की तुम्ही स्वतः हे किती वेळा केलंय. इथे हाताचा सराव फार महत्त्वाचा.

पण त्याही आधी उपचार लागतोच का ते ठरवा. साधारण शंभरात पंधरा पुरुषांना व्हेरिकोसील असतं आणि त्यातल्या अनेकांना मुलं होतात. दुखत नाही, वीर्य तपासणी ठीक आहे, शिरा फक्त सोनोग्राफीत दिसतात, हाताला लागत नाहीत, अशा माणसाने काही करून घेऊ नये. तुमचं तसं नाही, तुम्हाला दुखतंय. तरी काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा वीर्य तपासणी करून घ्या. मूल हवं असेल तर पत्नीचीही तपासणी सोबतच होऊ द्या. दुखणं बहुतेकांचं कमी होतं, पण सगळ्यांचं नाही. हर्निया किंवा कंबरेचं दुखणंही तिथेच जाणवू शकतं, ते आधी वगळायला हवं.

प्रोसीजरनंतर काही तास झोपून राहायचं, बहुधा त्याच दिवशी घरी. बैठं काम दोन-तीन दिवसांत सुरू होतं, जड उचलणं आठवडा-दोन आठवडे बंद. कंबरेत किंवा जांघेत थोडे दिवस ठणकतं. फुगलेल्या शिरा लगेच बसत नाहीत, हळूहळू ओसरतात. वीर्याची पुढची तपासणी तीन महिन्यांनी करा, कारण शुक्राणू तयार व्हायलाच सत्तरेक दिवस लागतात. पंधरा दिवसांत रिपोर्ट काढून निराश झालेले लोक मी पाहिलेत.

शिरा फक्त उजवीकडेच फुगल्या असतील, अचानक फुगल्या असतील किंवा आडवं झाल्यावरही बसत नसतील, तर आधी पोटाची आणि मूत्रपिंडाची तपासणी करायची, कारण आत गाठीचा दाब असू शकतो. आणि कधीही अंडकोषात एकाएकी असह्य कळ आली, तर ते व्हेरिकोसीलचं समजून घरी थांबू नका. वृषणाला पीळ पडला असेल तर ते वाचवायला हातात काही तासच असतात, तेव्हा थेट इमर्जन्सी गाठा.