वाचकांचे प्रश्न : खुर्द्याचा हिशेब

प्रश्न : आमचे आजोबा तोफखान्यात होते. १९७१च्या युद्धाच्या दिवसांत त्यांनी धाकट्या भावाला पाठवलेली काही आंतर्देशीय पत्रे जुन्या ट्रंकेत सापडली. मोठ्या उत्सुकतेने वाचायला घेतली, पण त्यांत लढाईचा एकही शब्द नाही. पाऊसपाणी, तांबडी व्याली का, मनीऑर्डर पोहोचली का, एवढेच आहे. अशा पत्रांवरून युद्धातल्या साध्या शिपायाचे जगणे कसे समजावे? — एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : आपण सोबत जोडलेली एका पत्राची प्रत मी तीन वेळा वाचली, आणि तिसऱ्या वेळी जे दिसले ते आधी सांगतो. मजकूर संपल्यावर, घडीच्या कडेला, बारीक अक्षरांत एक ओळ आहे : ‘उजव्या कानाने जरा कमी ऐकू येते, आईस वाचून दाखवताना हे वगळावे.’ देवळालीच्या तोफांचा सराव चालू असला की त्याचा धमाका नाशिककरांना कित्येक मैलांवरून ऐकू येतो. तोच आवाज हातभर अंतरावरून दिवसरात्र ऐकणाऱ्या माणसाचे युद्ध या एका ओळीत आहे. पत्र एकाच्या नावे जायचे, पण ओटीवर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले जायचे. म्हणून ‘मी खुशाल आहे, काळजी नसावी’ हे घरासाठी आणि कान फक्त भावासाठी. आजोबांशी उतारवयात घरातली माणसे कोणत्या बाजूला बसून बोलत, हे आपल्या वडिलांना अवश्य विचारा.

पत्रात ठिकाणाचे नाव नाही, पत्त्याच्या जागी नुसते ‘५६ एपीओ’, म्हणजे लष्करी टपाल कचेरीचा क्रमांक आहे, याचेही नवल वाटू नये. आपण कुठे आहोत आणि शेजारी कोणती पलटण आहे, हे घरी कळवायला मनाई असे. राहता राहिली गाय, विहीर आणि मनीऑर्डर. हा काही युद्धाचा विषय टाळण्यासाठी शोधलेला आडोसा नव्हता. आपल्यामागे घर चालले आहे ना, ही त्या माणसाची खरोखरीची चिंता होती, आणि युद्धकाळातल्या त्याच्या मनाचा मोठा भाग तिनेच व्यापला होता, असे मला अशी पत्रे वाचून ठामपणे वाटते.

पानिपतच्या पराभवाची बातमी १७६१ साली पेशव्यांपर्यंत ज्या सांकेतिक निरोपाने पोहोचली, तो आपल्यापैकी बहुतेकांना शाळेपासून ठाऊक आहे : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि खुर्दा म्हणजे आपण ज्याच्याविषयी विचारता आहात तो शिपाई. पुढे गणती होऊ लागली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, हे आज आपल्याला माहीत आहे. पण त्या ४६ जणांना रणांगणावर काय आठवत होते, हे आकडा सांगत नाही. ते सांगू शकतात फक्त पत्रे, आठवणी आणि गोष्टी.

त्या महायुद्धातील पत्रे वाचताना मात्र ती आपल्यापर्यंत किती हातांतून आली, हे आधी पाहावे लागते. १९१४च्या सप्टेंबरअखेर हिंदी पलटणी फ्रान्सला उतरल्या, आणि लवकरच त्यांची पत्रे तपासणारी खास कचेरी सुरू झाली. दरमहा ११ रुपये पगाराच्या शिपायाला बहुधा लिहिता येत नसे. तो सांगे, दुसरा कोणी लिहून घेई, आणि तपासनीस निवडक उतारे इंग्रजीत उतरवून अहवालाला जोडी. मूळ पत्रे बहुतेक नाहीशी झाली. हे भाषांतरित उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत राहिले. पत्र तपासले जाते, हे शिपायांनाही माहीत होते. म्हणून काळी मिरी संपत आली आणि आता तांबडी मिरची वापरात आहे, असे कोणी लिहिले, तर ती जेवणाची गोष्ट नव्हती. काळी म्हणजे हिंदी शिपाई आणि तांबडी म्हणजे गोरे. खुर्द्याचा हिशेब इथे खुर्द्यानेच, त्याच जुन्या सांकेतिक रीतीने, घरी कळवला.

या उताऱ्यांत पंजाबी, पठाण, गढवाली आवाज अधिक ऐकू येतात, कारण मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. तिथे कूत या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत अन्न संपत गेले. घोड्याचे मांस वाटले जाऊ लागले, तेव्हा अनेक हिंदी शिपायांनी ते नाकारले, कारण गावी परतल्यावर जातीत कोण घेईल, ही भीती भुकेपेक्षा मोठी होती. वेढ्याच्या नकाशावर ही गोष्ट कुठेच दिसत नाही. भाकरीपुढे बसलेला माणूस आपल्या गावाचा विचार करतो आहे, हे डोळ्यांसमोर आणले, म्हणजे मग ‘तांबडी व्याली का’ हा प्रश्नही वेगळा वाचता येतो.

प्रश्न : युद्धावर कधीही न गेलेल्या लेखकाने लिहिलेल्या कथेवर विश्वास ठेवावा का? — एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर : ठेवावा, पण पत्रावर ठेवतो तसा नव्हे. चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही हिंदी कथा १९१५ साली, युद्ध चालू असतानाच प्रसिद्ध झाली. गुलेरी हे संस्कृतचे विद्वान; खंदक त्यांनी पाहिलेला नव्हता. तरी कथेतला शीख सैनिक लहनासिंग आपल्या आजारी सोबत्याला, बोधासिंगाला, आपली ब्लँकेटे आणि जर्सी देऊन स्वतः थंडीत पहाऱ्यावर उभा राहतो, तेव्हा माणूस हे का करतो, याचे उत्तर कथा देते. पत्र ते देऊ शकत नाही, कारण असे काही करणारा माणूस ते स्वतःविषयी लिहून पाठवत नाही. तपशिलासाठी पत्राकडे जावे आणि त्यामागच्या मनासाठी कथेकडे, असे मी करतो.

शिवाय अनुभव घेतलेला माणूसही कधी कधी गोष्टीचाच आधार घेतो. जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत ११ डिसेंबर १९१६ रोजी मालसिंग नावाच्या शीख शिपायाचा आवाज ध्वनिमुद्रित झाला, आणि ते मुद्रण बर्लिनमध्ये टिकून आहे. तो ‘मी’ म्हणतच नाही. एक माणूस होता, हिंदुस्थानात तो लोणी खात असे, मग तो इंग्रजांच्या चाकरीत आला, युद्धात आला, जर्मनांनी त्याला पकडले, आणि आता त्याला घरी जायचे आहे, अशी ती हकिकत आहे. ‘मी’ म्हणून जे सांगवले नसते, ते ‘एक माणूस’ म्हणून त्याला सांगता आले असावे. ही साक्ष म्हणावी की कथा, हे मला आजही ठरवता आलेले नाही, आणि ठरवण्याची गरजही वाटत नाही.

प्रश्न : पत्रांच्या घड्या फाटू लागल्या आहेत. लॅमिनेशन करून घ्यावे का? — पहिल्या प्रश्नाचेच वाचक

उत्तर : मुळीच करू नये. प्लास्टिक एकदा चिकटले की कागद पुन्हा मोकळा होत नाही, आणि चिकटपट्टीनेही डाग पडतात. प्रत्येक पत्राच्या दोन्ही बाजूंचे दिवसाच्या उजेडात फोटो काढा. टपालाच्या शिक्क्याची बाजू विसरू नका, तारीख अनेकदा तिथेच मिळते. मूळ पत्रे घडी उलगडून, ऊन आणि ओल लागणार नाही अशा जागी ठेवा. आणि घडीच्या कडा नीट पाहा, कारण कानाविषयीची ओळ तिथेच होती, आणि बाकीची पत्रे मी अजून पाहिलेली नाहीत.