रोममधल्या प्राचीन अवशेषांच्या जतनाचा खर्च नेमका कोण करतं?

कलोसियमचं तिकीट 18 युरो, तरीही त्याची दुरुस्ती म्हणे एका बूट बनवणाऱ्या कंपनीने केली, मग आमचे पैसे जातात कुठे, असं तुम्ही विचारलंय. मी आठ वर्षं इटलीत राहतोय. भारतातून जो पाहुणा येतो त्याला ही ठिकाणं दाखवायची जबाबदारी माझीच असते, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही.

बूटवाल्यांची गोष्ट खरी आहे. टॉड्स कंपनीने 2011 मध्ये कलोसियमसाठी अडीच कोटी युरो द्यायचं कबूल केलं. त्यावर गदारोळ झाला. बदल्यात कंपनीला जाहिरातीचे फार हक्क दिले, अशी ओरड झाली, एक ग्राहक संघटना कोर्टात गेली आणि काम लांबलं. 2016 मध्ये दर्शनी भाग पूर्ण झाला. गाड्यांच्या धुराने काळे पडलेले दगड रसायन न वापरता, पाण्याचे बारीक तुषार मारून धुतले. पुढच्या टप्प्यात रिंगणाखालचे बोगदे दुरुस्त होऊन 2021 मध्ये लोकांसाठी खुले झाले. आपल्याकडे लाल किल्ला एका सिमेंट कंपनीला 'दत्तक' दिला तेव्हा जो आरडाओरडा झाला, अगदी तसाच सूर इथे काही वर्षं आधी लागला होता.

मला स्वतःला त्याहून आवडतो तो युझो यागी हा जपानी कापड व्यापारी. इटलीचे कपडे जपानात विकून त्याने पैसा केला आणि त्याची परतफेड म्हणून रोममधल्या सेस्टियसच्या पिरॅमिडसाठी 20 लाख युरो दिले. (हो, रोममध्ये दोन हजार वर्षांपूर्वीचा पिरॅमिड आहे, मेट्रो स्टेशनच्या समोरच.) त्याच्या नावाची एक पाटी तिथे लागली, बस.

बाकी मुख्य भार सरकारवर. तिकिटाचं म्हणाल तर कलोसियमसारखी मोठी ठिकाणं आता स्वतःचं उत्पन्न बऱ्याच अंशी स्वतःकडे ठेवतात आणि त्यातला एक हिस्सा गर्दी न खेचणाऱ्या सरकारी संग्रहालयांना जातो. म्हणजे तुमच्या 18 युरोंतले काही अशा ठिकाणी पोचतात जिथे तुम्ही कधी पाऊलही टाकणार नाही. पँथिऑन या प्राचीन रोमन देवळाला 2023 मध्ये 5 युरो तिकीट लागलं. त्यातले 30 टक्के रोमच्या धर्मप्रांताला मिळतात, कारण ते आजही चालू चर्च आहे. शिवाय 2014 पासून कायदा आहे: सार्वजनिक वारशासाठी देणगी द्या, तिच्या 65 टक्के रक्कम तीन वर्षांत करातून वळती करून घ्या. तुम्ही इटलीत कर भरत नसाल तर अर्थात काही उपयोग नाही.

पण पैसा कुठून येतो यापेक्षा तो कशासाठी मिळतो, ही खरी अडचण आहे. धुऊन उजळलेल्या कमानीपुढे फोटो काढता येतो. पन्हळ साफ केली म्हणून कोण फीत कापायला येणार? नेपल्सजवळचं पाँपेई हे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर. 6 नोव्हेंबर 2010 ला तिथली स्कोला आर्मातुरारुम ही इमारत पावसानंतर कोसळली. 1943 च्या बाँबहल्ल्यात ती मोडली होती, नंतर तिच्यावर काँक्रीटचं जड छप्पर चढवलं होतं. त्या नामुष्कीनंतर युरोपीय संघ आणि इटलीने मिळून 10.5 कोटी युरोंची योजना आणली. तिचा बराच भाग मातीचे उतार सावरणे, पाण्याचा निचरा करणे असल्या कंटाळवाण्या कामांचा होता. गंमत म्हणजे, न खणलेल्या मातीचा उतार भिंतींवर दाबत होता म्हणून तो कमी करायला घेतला, आणि त्यातच 2018 मध्ये लेडा (ग्रीक पुराणकथेतली राणी) आणि हंसाचं एक सुंदर भित्तिचित्र सापडलं.

शेजारच्या हर्क्युलेनियम या तशाच गाडल्या गेलेल्या गावात हेच शहाणपण आधी सुचलं. एचपी कंपनीच्या संस्थापकाचा मुलगा डेव्हिड पॅकर्ड याच्या संस्थेने 2001 पासून तिथे पैसा लावला, तोही एका इमारतीवर नाही, सगळ्या गावावर: छपरं, गळती, पाणी. रोमनांनी बांधलेली गटारं उपसली आणि पावसाचं पाणी पुन्हा त्यांतूनच वाहून न्यायला लागले. उपसलेल्या गाळात दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी काय खाल्लं होतं तेही मिळालं. कबुतरांच्या विष्ठेने चित्रं आणि जळकं लाकूड खराब होत होतं, तर त्यांना हुसकायला ससाणे आणले. आणि सरकारी पुरातत्त्व अधिकारी बाजूला सारले नाहीत, त्यांच्याच बरोबरीने काम केलं. टॉड्सच्या वेळी झालेली भांडणं इथे फारशी दिसत नाहीत, त्याचं कारण मला हेच वाटतं.

तेव्हा रोममध्ये तीन दिवस असाल तर एक दिवस काढून नेपल्सला या. तिथून लोकल गाडीने हर्क्युलेनियमचं एर्कोलानो स्काव्ही स्टेशन साधारण वीस मिनिटांवर आहे, तिथून उतारावर सरळ खाली चालत जायचं. भिंतींवरची चित्रं तर सगळेच बघतात, तुम्ही जरा मान वर करून छपरंही बघा.