टोरांटोतला पहिला डिसेंबर आणि पदरात दोन लहान मुलं: सुट्ट्या कशा घालवाव्यात?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये पुण्याहून टोरांटोला आलात, मुलगा चार वर्षांचा, मुलगी दहा महिन्यांची, ओळखीपाळखीचं फारसं कोणी नाही आणि शाळेला दोन आठवडे सुट्टी. घरातच बसावं की बाहेर पडावं, आणि आपण ख्रिसमस करावा का?

बाहेर पडा, शक्यतो रोज पडा. पण एका दिवसाला एकच ठिकाण, आणि तेही सकाळी. डिसेंबरअखेर इथे पावणेआठच्या सुमारास उजाडतं आणि पावणेपाचच्या सुमारास सूर्य गेलेला असतो. बाळाची दुपारची झोप झाली की निघू म्हणालात, तर बूट चढवेपर्यंत अंधार पडतो.

चढवण्यावरून आठवलं. चार वर्षांच्या मुलाला तयार करणं हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम आहे आणि त्याला क्रम आहे. आधी शू. मग आतली अंगासरशी बंडी-विजार, वर फ्लीस (मऊ, उबदार कापडाचा सदरा), मग स्नोपँट, मग बूट, कानटोपी, गळपट्टा, शेवटी जॅकेट. पाच बोटांचे हातमोजे लहान मुलांच्या कामाचे नाहीत, पिशवीसारखे मिटन घ्या, आणि ते जॅकेटच्या आधी घाला, म्हणजे बाही वरून येते आणि बर्फ आत शिरत नाही. एवढं सगळं झाल्यावर पोरगं पुन्हा शू म्हणणारच, तेव्हा चिडू नका. स्वतःचं जॅकेट मात्र सर्वांत शेवटी घाला, नाहीतर घरातच घामाघूम व्हाल.

गाडी घेतली असेल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा: फुगीर जॅकेट घालून मुलाला कार सीटमध्ये बांधू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढा, पट्टे लावा, मग तेच जॅकेट वरून पांघरा. बाळाला तर पातळ कपड्यांवर ब्लँकेट पुरतं.

हवामान बघताना नुसतं तापमान बघू नका, विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारं तापमान, बघा. तो आकडा उणे 27च्या खाली गेला की उघडी त्वचा 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते. तशा दिवशी बाळाला घेऊन फिरणं नाही म्हणजे नाही. पण डिसेंबरात टोरांटोत असे दिवस क्वचितच येतात, खरी थंडी जानेवारी-फेब्रुवारीतली. 25 तारखेला बर्फ असेलच असंही नाही. नुसता चिखल आणि पाऊस बघून मुलगा हिरमुसेल, त्याची तयारी ठेवा.

आता जायचं कुठे. सिटी हॉलसमोरच्या नेथन फिलिप्स स्क्वेअरवर बर्फाचं मोफत रिंक असतं, स्केट भाड्याने मिळतात. हेल्मेट न्याच. वीस मिनिटं पडणं-उठणं झालं की पुरे, मग हॉट चॉकलेट. 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना टीटीसीचं, म्हणजे शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचं, तिकीट लागत नाही, त्यामुळे स्ट्रीटकारने (ट्रॅमने) जा. तुमच्या मुलासाठी निम्मी मजा त्यातच आहे. डिस्टिलरी डिस्ट्रिक्टमधल्या ख्रिसमसच्या जत्रेचे फोटो तुम्ही पाहिले असतील. एकोणिसाव्या शतकातल्या दारूच्या कारखान्याच्या विटांच्या गल्ल्या, भलंमोठं झाड, दिवे. सुंदर आहे, पण शनिवारी संध्याकाळी बाबागाडी घेऊन जाणं म्हणजे तुळशीबागेत गणपतीच्या आदल्या दिवशी जाणं. गर्दीच्या वेळांना तिकीटही लागतं. कामाच्या दिवशी दुपारी जाऊन या.

माझी सर्वांत आवडती जागा मात्र ॲलन गार्डन्स. 1910 सालचा काचेचा घुमट, प्रवेश फुकट. दार उघडून आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरते आणि समोर केळीची पानं दिसतात. थंडीने कोरडी पडलेली बाळाची त्वचासुद्धा तिथे सुखावते. (घरातल्या हीटरने नाकं सुकतात, घोळणा फुटतो. हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर घेऊन टाका.)

ख्रिसमस करायचा का? आमच्या घरी होतो आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजाही होते. दोघांचं एकमेकांशी काही वैर नाही. शाळेत दिवसभर सँटाच्या गप्पा चालतात आणि घरी त्याचं नावही नाही, हे चार वर्षांच्या मुलाला समजावणं झाड आणण्यापेक्षा अवघड. पण खरं झाड आणण्याआधी इमारतीचे नियम वाचा. आगीच्या भीतीने बऱ्याच ठिकाणी ते चालत नाही. लहानसं प्लॅस्टिकचं आणा, आणि रांगतं बाळ खालच्या फांद्या ओढणार, तेव्हा काचेचे गोळे नकोत. सँटाला पत्र लिहायला लावा. पिनकोड H0H 0H0, तिकीट लागत नाही, कॅनडा पोस्टकडून उत्तर येतं. मात्र डिसेंबरच्या सुरुवातीलाच टाका आणि स्वतःचा पत्ता घालायला विसरू नका.

25 तारखेला मॉल, बँका, बहुतेक दुकानं बंद. दूध आणि डायपर आदल्या दिवशीच भरून ठेवा. एकटं वाटेल तो हाच दिवस. मजल्यावरच्या दुसऱ्या एखाद्या नव्या कुटुंबाला जेवायला बोलवा. तेही बहुधा एकटेच असतील, आणि पावभाजीला कोणी नाही म्हणत नाही.

31ला मुलांना रात्री बारापर्यंत जागवू नका. पुण्यात बारा वाजतात तेव्हा इथे दुपारचा दीड असतो. आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल लावा, त्यांच्याबरोबर दहापासून उलटे आकडे मोजा, केक कापा आणि दोन्ही मुलांना झोपवा.

सुट्टी संपल्यावर सुनं सुनं वाटू नये म्हणून लेकीच्या बोरन्हाणाचं आत्ताच ठरवा. रथसप्तमीपर्यंतचा कुठलाही शनिवार चालेल. टोरांटोत मराठी भाषिक मंडळ आहे, त्यांच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला गेलात तर बोलवायला माणसंही मिळतील. बोरं नाही मिळाली तर अडत नाही. पण द्राक्षं, शेंगदाणे आणि चुरमुरे इतक्या लहान बाळाच्या घशात अडकतात, म्हणून तिच्यावर ओतायला कागदी फुलं आणि मोठी बिस्किटं घ्या, बाकीचा खाऊ मोठ्या मुलांच्या हातात द्या. हलव्याचे दागिने आणि काळं झबलं डिसेंबरात कोणी पुण्याहून येत असेल तर त्याच्याबरोबर मागवा. दागिने डब्यात कापूस घालून हातातल्या सामानातून आणायला सांगा, मोठ्या बॅगेत त्यांचा चुरा होतो.