कोडेड कॅशिंग शिकतोयस? आधी दोन घरं काढ

भाऊ, कोडेड कॅशिंग म्हणजे फाइलींचे तुकडे आधीच घराघरात साठवायचे आणि नंतर एकत्र मिसळून पाठवलेल्या एकाच संदेशात अनेकांची मागणी भागवायची. ते मांडणाऱ्या मद्दाह-अली आणि नीसन या संशोधकांचा २०१४ चा पेपर उघडून पहिल्याच दिवशी सूत्रात डोकं घालू नको. मी घातलं होतं, आठवडा वाया गेला. कागदावर दोन घरं काढ, एक यावलला, एक रावेरला. सर्व्हर जळगावात, तिथून जे सुटेल ते दोघांनाही मिळतं. फाइली दोनच, अ आणि ब. प्रत्येकीचे दोन अर्धे कर: अ१, अ२ आणि ब१, ब२. प्रत्येक घरात एका फाइलीपुरती जागा.

रात्री लाइन मोकळी असताना यावलला अ१, ब१ भर. रावेरला अ२, ब२. संध्याकाळी यावलला हवी अ, रावेरला ब. सरळ पाठवलंस तर अ२ आणि ब१ असे दोन अर्धे तुकडे जातात. त्याऐवजी त्या दोन तुकड्यांचा एक्सॉर पाठव (बिट सारखे तर ०, वेगळे तर १). अ२ समज १०११, ब१ ०११०. लाइनवर जाईल ११०१. यावलकडे ब१ आहेच, त्याच्याशी पुन्हा एक्सॉर केला की १०११. हाताने करून बघ बरं. अर्ध्या फाइलीत दोघांचं काम!

मग आकडे वाढव. ३० घरं, ३० फाइली, प्रत्येक घरात १० फाइलींची जागा. सगळ्यांनी वेगवेगळी फाइल मागितली तर साध्या कॅशिंगला २० फाइलींएवढं पाठवावं लागतं, कोडेडला जेमतेम १.८२. इथेच सगळे भाळतात. पण एका फाइलीचे तुकडे किती? प्रत्येक तुकडा दहा घरांच्या वेगळ्या गटात ठेवायचा, म्हणून तिसातून दहा निवडायचे जितके प्रकार तितके, म्हणजे ३,००,४५,०१५. खरी मेख ती. सिम्युलेशनमध्ये घरं सहाच ठेव, नाहीतर माझ्यासारखा तुझाही लॅपटॉप रात्रभर भरताच्या वांग्यासारखा भाजत राहील.