पोरांना घेऊन पहिलीच आल्म? मग पेर्टिसाउला जा

आल्म म्हणजे उन्हाळ्यात गुरं चरायला आणतात तो डोंगरातला माळ, आणि तिथल्या झोपडीत खायला मिळतं. ऑस्ट्रियात पहिल्यांदाच जाताय आणि सोबत लहान पोरं आहेत तर सरळ आखेनझे तळ्याच्या काठचं पेर्टिसाउ गाव गाठा, तिथून फाल्त्सटुर्न दरीतनं ग्रामाइ आल्मपर्यंत चालत जाता येतं, १२६३ मीटर उंची ऐकून घाबरू नका, गावच ९०० च्या वर आहे त्यामुळे चढ फार जाणवत नाही. पोरं कंटाळली तर मध्येच फाल्त्सटुर्न आल्म आहे, तिथेच बसा, काही बिघडत नाही.

शाकाहारी असाल तर सूप जपून हं! कासप्रेसक्नोडल म्हणजे चीजचा वडाच, पण तो बहुतेक वेळा बीफच्या रश्शात देतात, आधी विचारा. केझश्पेट्सल, म्हणजे अंडं घातलेल्या पिठाच्या चीजवाल्या जाड शेवया, बरं, अंडं चालत असेल तर. काइझरश्मार्न, म्हणजे अंड्याच्या गोड पॅनकेकचे तुकडे, ताजा करतात, वेळ लागतो, म्हणून बसल्या बसल्या ऑर्डर द्या. थोडी कॅश ठेवाच.

आणि गाई. आपल्याकडे पाठीवर हात फिरवतो तसं तिथे अजिबात नको, वासरू सोबत असेल तर लांबूनच वळसा घाला, सेल्फी राहू दे.