सिंती म्हणजे सिंधी का?

एका वाचकाने विचारलंय: जर्मनीतल्या सिंती लोकांची ('जिप्सी' म्हटल्या जाणाऱ्या रोमा लोकांपैकी एक समाज) भाषा मुळात भारतीय आहे, मग 'सिंती' हे नाव 'सिंध'वरून आलं असेल का? आणि ती शिकता येईल का?

नाव ऐकून तसं वाटतं खरं. खुद्द सिंतींपैकीही अनेक जण तसं मानतात. पण हे नाव वापरात दिसतं ते अठराव्या शतकापासून. त्याआधी ते स्वतःला 'काले' म्हणवत. भाषाशास्त्रज्ञ यारॉन मात्रास यांच्या मते 'सिंती' हा शब्द युरोपातच उचललेला असावा, आणि मला ते पटतं.

नात्याचा पुरावा घरच्या शब्दांत सापडतो. पाण्याला पानी, नाकाला नाक, कानाला कान. आपले घ, ध, भ तिकडे ख, थ, फ होतात, म्हणून घराचं खेर, बहिणीचं फेन, आणि दुधाचं चक्क थुद! सात, आठ, नऊ मात्र एफ्ता, ओख्तो, एन्या: वाटेत ग्रीकांकडून घेतलेले. फ्रान्समधले सिंती स्वतःला 'मानुश' म्हणवतात. जँगो राइनहार्टच्या गिटारवादनातून आलेल्या 'जॅझ मानुश'मधला मानुश तो हाच, म्हणजे आपला माणूस.

मला सगळ्यात आवडतो तो 'केराव प्रे' हा प्रयोग. 'केराव' म्हणजे 'करतो'. 'प्रे' हा संस्कृत 'उपरि'चा वंशज, आपल्या 'वर'चा भाऊ. पण 'वर करतो' याचा अर्थ होतो 'उघडतो', कारण जर्मनमध्ये उघडणं म्हणजे 'आउफमाखेन', शब्दशः 'वर करणं'. दोन्ही शब्द आपल्याकडचे, जोडणी जर्मन.

आता शिकण्याबद्दल. आपली भाषा बाहेरच्यांना शिकवू नये असं मानणारे सिंती बरेच आहेत, आणि त्यांच्यावर रागावू नये. नाझी काळात एव्हा जस्टिन ही वंशसंशोधक त्यांची भाषा बोलत त्यांच्या घरांत शिरली. तिच्या केसांवरून लोक तिला 'लोली चाय', लाल मुलगी, म्हणत. (लोली म्हणजे लाल, संस्कृतातलं लोहित.) तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी वंशावळी लिहून घेतल्या, आणि त्याच नोंदींच्या आधारे माणसं छळछावण्यांत पाठवली गेली. मुल्फिंगेनच्या अनाथाश्रमातल्या सिंती मुलांवर तिने पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. तो होईपर्यंत मुलांना तिथे ठेवलं होतं. मे १९४४ मध्ये त्यांतल्या ३९ जणांना ऑश्वित्झला नेलं. चौघंच वाचली.